मयताच्या मिटलेल्या मुठीला न्यायालयात किती वजन द्यावे?

कोर्टनाका

नमस्कार. मी ठाण्यात फौजदारी वकिली करतो. काही वर्षांपूर्वीच्या एका सत्र खटल्यातला एक मुद्दा अजून माझ्या मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. त्या खटल्याचा निकाल लागून बराच काळ लोटला आहे. तरीही संबंधितांची ओळख पटेल असा तपशील मी देणार नाही आणि प्रतिसाद देणाऱ्यांनीही आपापल्या अनुभवांबाबत ही मर्यादा पाळावी, अशी विनंती आहे.

घटना मे महिन्यातली. चाळीतल्या एका खोलीत सकाळी एका माणसाचा मृतदेह आढळला. आदल्या रात्री साडेदहाच्या सुमारास शेजाऱ्यांनी त्याला जिवंत पाहिले होते, आणि पंचनामा सुरू झाला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. पंचनाम्यात एक वाक्य होते: "मयताच्या उजव्या हाताची मूठ मिटलेली असून तीत शर्टाचे एक पांढरे बटण दोऱ्यासह मिळून आले." त्या एका वाक्यावर सरकार पक्षाने पुढची सगळी मांडणी केली. बटण आरोपीच्या शर्टाचे, मूठ घट्ट मिटलेली, म्हणजे प्राण जाण्याच्या क्षणी मयताने आरोपीला धरले होते. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सरतपासात, म्हणजे सरकार पक्षाच्या प्रश्नांना उत्तर देताना, "हा कॅडॅव्हरिक स्पॅझम असू शकतो" (मृत्यूच्या क्षणीच स्नायू ताठरणे) असे सांगितले. उलटतपासात मी विचारले, "मूठ आपण उघडलीत का?" त्यांनी प्रामाणिकपणे उत्तर दिले, "नाही. शव माझ्याकडे आले तेव्हा बोटे उघडलेली होती."

मग "घट्ट" हा शब्द आला कुठून, हे मी कागदपत्रांत शोधत बसलो. तो पंचनाम्यात नव्हता, शवविच्छेदनाच्या अहवालात नव्हता, आणि सी.ए. रिपोर्टमध्ये, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात, असण्याचे कारणच नव्हते. तो प्रथम आरोपपत्रात उमटला होता. ज्याने बोटे सोडवली त्याचे नाव कुठेच नव्हते, आणि ज्यांनी ती सोडवली नव्हती ते सारे त्या बोटांच्या पकडीबद्दल बोलत होते.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. मृत्यूच्या क्षणीच स्नायू ताठरतात ही गोष्ट खरोखर घडते का? घडत असेल, तर दहा-अकरा तासांनी ती नेहमीच्या मरणोत्तर ताठरतेपासून वेगळी ओळखता येते का? आणि हे दोन्ही बाजूला ठेवले, तरी मूठ पाहणाऱ्या पहिल्या माणसाने काय लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या साऱ्यांना अंदाजावर बोलावे लागणार नाही?

शवविच्छेदक

कोर्टनाका साहेब, न्यायवैद्यकशास्त्र शिकवण्यात आणि शवविच्छेदने करण्यात माझी सव्वीस वर्षे गेली, त्यातली बहुतेक ठाणे जिल्ह्यात. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण आपल्या खटल्याचा निवाडा खरे तर तिथेच होता.

माणूस जातो तेव्हा त्याचे सर्व स्नायू प्रथम सैल पडतात. जबडा उघडतो, हात लोंबतात, मुठीत काही असेल तर बहुधा निसटते. ही अवस्था सरल्यावर ताठरता येऊ लागते. आपल्या हवामानात ती मृत्यूनंतर एक-दोन तासांत जाणवू लागते. पापण्या, जबडा, मान इथे ती आधी दिसते, मग खांदे व हात, मग पाय, आणि हातापायांची बोटे सर्वांत शेवटी. हा वरून खाली येणारा क्रम निस्तां या फ्रेंच वैद्याने १८११ मध्ये नोंदवला. प्रत्यक्षात ताठरता सर्वत्र एकाच वेळी सुरू होते आणि लहान स्नायूंत लवकर कळून येते, असे आज आपण मानतो, पण तपासणीचा क्रम तोच राहिला आहे. ताठरता यायला बारा तास, टिकायला बारा तास आणि उतरायला बारा तास हा नियम विद्यार्थ्यांना पाठ असतो. ठाण्याच्या उन्हाळ्यात त्यावर विसंबून राहू नये, कारण उष्ण हवेत ती लवकर येते आणि लवकर ओसरते.

आता आपली वेळ पाहा. रात्री साडेदहानंतर केव्हातरी मृत्यू, सकाळी साडेनऊला पंचनामा, महिना मे. मृत्यू मध्यरात्रीच्या आसपास झाला असे धरले, तरी तोपर्यंत शरीर नखशिखांत ताठरलेले असणे हेच अपेक्षित आहे. झोपलेल्या माणसाची बोटे जशी किंचित वळलेली असतात तशी मयताचीही असतात, आणि ताठरता आली की ती त्याच वळणात कडक होतात. अशा हाताला कोणीही "मूठ" म्हणेल, आणि उघडू पाहणाऱ्याला ती घट्ट वाटेलही. त्यावरून मृत्यूच्या क्षणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

तत्काळ ताठरता, म्हणजे कॅडॅव्हरिक स्पॅझम, ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात सैल पडण्याची मधली अवस्था नसते. मरणाच्या क्षणी जो स्नायूंचा गट जोर लावून आकुंचन पावलेला होता तो तसाच राहतो, बाकीचे शरीर मात्र मऊ असते. बहुधा हा गट म्हणजे हात. अचानक आलेला हिंसक मृत्यू, कमालीची भीती किंवा ताण, आधीची जबर दमछाक, बुडताना हाताला लागेल ते धरण्याची धडपड, अशा प्रसंगांत तिचे वर्णन केले जाते. मृत्यूनंतर ती कोणत्याही युक्तीने निर्माण करता येत नाही, म्हणूनच न्यायालयात तिचे मोल मोठे. मयताच्या हातात कोणी नंतर सुरा ठेवला आणि त्यावर बोटे वळवली, तरी सामान्य ताठरतेतून तशी पकड येत नाही. शिवाय सुऱ्याची मूठ, पात्याची दिशा आणि जखमेची दिशा यांचा मेळ सहसा बसत नाही.

पण ती वेगळी ओळखण्याचा काळ फार थोडा असतो. कोपर मऊ, खांदा मऊ, जबडा अजून हलतो आहे आणि बोटे मात्र उघडत नाहीत, हे चित्र मृत्यूनंतरच्या पहिल्या एक-दोन तासांतच दिसू शकते. पुढे सर्वांगाची ताठरता येते आणि हा फरक तिच्यात बुडून जातो. आमच्या छापील नमुन्यात ताठरता चांगली, कमी की नाही, आणि सर्वांगी की काही भागातच, हे विचारलेले असते. "सर्वांगी, चांगली" असे लिहिल्यावर बोटांबद्दल वेगळे बोलायला जागा उरत नाही. सव्वीस वर्षांत मी खात्रीने तत्काळ ताठरता म्हणू शकेन अशी प्रकरणे तीन पाहिली, आणि तिन्हींत मला घटनास्थळी लवकर बोलावले गेले होते.

स्नायुविचार

मी महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. मॅडमनी मुद्दा नेमका मांडला आहे, पण माझा आक्षेप मुळावरच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

स्नायू आकसायला ऊर्जा लागते हे सर्वांना पटते. तो सैल व्हायलाही ऊर्जा लागते, हे मात्र चटकन ध्यानात येत नाही. स्नायूच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन अशा दोन प्रथिनांचे तंतू एकमेकांत गुंततात आणि सुटतात. गुंता सोडवायला ए.टी.पी. नावाचा ऊर्जावाहक रेणू हवा. मृत्यूनंतर रक्त थांबते, तरी साठवलेल्या ग्लायकोजेनवर ए.टी.पी. काही काळ तयार होत राहतो, आणि तोवर स्नायू सैल असतो. साठा एका मर्यादेखाली गेला की तंतू गुंतलेले तसेच अडकतात. हीच मरणोत्तर ताठरता. प्रथिने कुजू लागली की ती ओसरते.

या हिशेबात "तत्काळ" शब्द कुठे बसवायचा? दमलेल्या स्नायूत साठा कमी असतो, म्हणून ताठरता लवकर येईल हे मान्य. पण लवकर म्हणजे क्षणात नव्हे. मेंदूकडून येणारे संदेश थांबल्यावर आणि ए.टी.पी. पूर्ण संपण्यापूर्वी जो काळ जातो, त्यात स्नायू आकसलेला का राहावा, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. हे कोणी प्रयोगात घडवूनही दाखवलेले नाही. २०१३ मध्ये बेडफर्ड आणि त्सोकोस यांनी न्यायवैद्यकाच्या एका नियतकालिकात तत्काळ ताठरता हे मिथक असल्याचे सरळ लिहिले, आणि त्यावर या क्षेत्रातल्या ज्येष्ठांनी उलटसुलट मते मांडली.

जुने पुरावे बहुतेक रणांगणावरचे आहेत. अमेरिकेच्या यादवी युद्धात काम केलेल्या जॉन ब्रिंटन या शल्यचिकित्सकाने १८७० मध्ये अशा मृतदेहांची वर्णने प्रसिद्ध केली. त्याहून प्रसिद्ध उदाहरण १८५४ च्या बालाक्लावाच्या लढाईतले. कॅप्टन नोलनच्या छातीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला, तरी त्याचा उंचावलेला हात तसाच वर राहिला आणि घोडा त्याला पाठीवर घेऊन मागे फिरला, असे सांगतात. हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत आवडीने दिले जाते. पण त्याच वर्णनात तलवार हातातून गळून पडल्याचेही म्हटले आहे. तलवार गळाली याचा अर्थ बोटे सैल झाली. ज्या पकडीबद्दल आपण इथे बोलत आहोत ती पकड नेमकी तिथे सुटलेली होती. शिवाय घोड्यावरच्या माणसाकडे बघणाऱ्यांनी किती पळे पाहिले असेल, आणि तो त्या पळांत मेलेलाच होता हे कशावरून?

म्हणून माझे म्हणणे असे की, या घटनेला नाव देण्याची घाई न्यायालयात तरी करू नये.

शवविच्छेदक

सर, नोलनच्या तलवारीचा मुद्दा मी माझ्या वर्गात इतकी वर्षे कसा सोडला, याचे मला वाईट वाटते. तो योग्यच आहे.

कारण समजले नाही म्हणून निरीक्षणच खोटे, असे मात्र मी म्हणणार नाही. मी ज्या तीन प्रकरणांबद्दल लिहिले, त्यांतल्या एकात शरीर उबदार होते, गुडघा माझ्या हाताने सहज वाकत होता, आणि त्याच वेळी डाव्या हाताच्या बोटांखालून चादरीचा कोपरा सोडवायला दोघांना जोर लावावा लागला. तळहातावर चार नखांच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या. त्याला आपण "वेगाने आलेली स्थानिक ताठरता" म्हणालात तरी माझी हरकत नाही. मला जे सांगायचे आहे त्याला नावाची गरज नाही: वस्तू हातात असताना बोटे आवळलेली होती आणि नंतर ती सुटली नाहीत.

दोन गोष्टी थोडक्यात, कारण गल्लत नेहमी तिथे होते. जळालेल्या देहात हातपाय मुष्टियोद्ध्यासारखे वाकलेले दिसतात. ते उष्णतेने स्नायूंची प्रथिने गोठल्यामुळे होते, आणि माणूस जिवंतपणी जळाला की मृत्यूनंतर, हे त्यावरून ठरत नाही. "मयताने शेवटपर्यंत झुंज दिली" असे वाक्य मी अशा अहवालासोबतच्या पत्रात वाचलेले आहे. दुसरी गोष्ट पिस्तुलाची. स्वतःवर गोळी झाडलेल्या माणसाच्या हातात शस्त्र राहतेच असे नाही. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात ते सुमारे एक चतुर्थांश प्रकरणांतच हातात आढळले होते. म्हणजे हातात शस्त्र नाही यावरून खून ठरत नाही, आणि हातात आहे एवढ्यावरून आत्महत्याही ठरत नाही.

जुना फौजदार

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. खाडीकाठच्या पोलीस ठाण्यांत माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे पाण्यातली प्रेते मी खूप पाहिली. डॉक्टर मॅडम म्हणतात तो दोन तासांचा काळ बहुतेक वेळा आमच्याच हातात असतो, आणि आम्हीच तो घालवतो, हे मी आज मोकळेपणाने लिहितो.

ऐरोलीच्या बाजूला सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी एक तरुण चिखलात पालथा मिळाला होता. पोहायला उतरलेल्या मित्रांनी आरडाओरड केल्यापासून आम्ही पोहोचेपर्यंत तासभरही झाला नव्हता. मी नवा होतो आणि त्याला ओढून काठावर घेण्याच्या घाईत होतो. माझ्याबरोबरचे हवालदार वयाने मोठे होते. ते म्हणाले, "साहेब, आधी बघा, मग लिहा, मग हात लावा." त्यांनी स्वतः गुडघाभर चिखलात उतरून त्या मुलाचे कोपर वर उचलून सोडले. ते मऊ होते, खाली पडले. खांदाही सैल होता. मग त्यांनी उजव्या हाताची बोटे एकेक करून उचलायचा प्रयत्न केला, आणि ती उचलली जाईनात. मुठीत तिवराची दोन श्वसनमुळे होती, चिखलातून वर येतात ती पेन्सिलीसारखी. दोन्ही मुळापाशी तुटलेली होती आणि तुटलेली जागा आतून ओली, फिकट होती. नखांत साल भरली होती. पुढच्या हातभर अंतरावर चिखलात त्याच मुळांचे तुटके खुंट उभे होते.

हवालदारांनी ते खुंट आधी दाखवून पंचांना मोजायला लावले, मग मूठ उघडली, मग मुळे कागदात गुंडाळली. शवविच्छेदनात तोंडा-नाकाशी बारीक पांढरा फेस आणि फुगलेली फुप्फुसे मिळाली. त्या मुलाला कोणीतरी मारून पाण्यात टाकले असावे असा नातेवाइकांचा संशय होता. पण तो पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता आणि त्याच जागी धडपडला, हे त्या दोन मुळांमुळे त्यांना समजावून सांगता आले. अकस्मात मृत्यूची नोंद तशीच कायम राहिली.

त्यानंतर अनेक वर्षांनी दुसऱ्या एका प्रकरणात मी स्वतः "मूठ घट्ट आवळलेली" असे लिहिले. मी ती मूठ उघडून पाहिली नव्हती, कोपर दाबले नव्हते, वेळ टाकली नव्हती. तो शब्द केवळ सवयीने लेखणीतून आला. कोर्टनाका साहेबांचा धागा वाचल्यापासून तोच पंचनामा मला आठवतो आहे.

दिवाळ्याचा नाखवा

मी बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातला. खाडीत कोणी बुडाले की पोलीस पुष्कळदा आम्हाला हाक मारतात. फौजदार साहेबांनी लिहिले ते वाचून मला एक सांगावेसे वाटले.

आम्ही माणूस पाण्यातून काढतो तेव्हा तो होडीत नीट मावावा म्हणून त्याचे हात अंगाशी घेतो, मान सरळ करतो, बोटांत अडकलेले सोडवतो. त्यात अपमान होऊ नये, घरच्यांना तसे दिसू नये, एवढीच भावना असते. यामुळे काही पुरावा जातो हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नाही. आता मी पोरांना सांगेन की हात जसा आहे तसा राहू द्या.

मात्र बोटांत अडकलेले आणि बोटांनी धरलेले यांत फरक असतो, हे आम्हाला हाताला कळते. भरती-ओहोटीत प्रेत दोन-तीन वेळा इकडून तिकडे गेले की शेवाळ, जाळ्याचे दोरे, प्लास्टिक बोटांभोवती फिरून बसते. ते ओढले तर वेढे सुटत येते, बोट हलतही नाही. धरलेली वस्तू ओढली तर सबंध हात सोबत येतो. आणि उधाणाच्या पाण्यात एक दिवस राहून फुगून वर आलेल्या माणसाची मूठ मला कधी घट्ट लागलेली आठवत नाही.

स्नायुविचार सरांनी दमलेल्या स्नायूचे लिहिले, ते आम्ही मासळीत रोज बघतो. जाळ्यात तासभर झुंजलेला जिताडा काढल्यावर बघता बघता लाकडासारखा होतो. पटकन काढून मारलेला मात्र बराच वेळ मऊ राहतो. बाजारात ताठ मासळी ताजी म्हणून घेतात, पण किती ताठ यावरून ती कधी मेली हे सांगायचे तर ती कशी मेली तेही ठाऊक हवे.

स्नायुविचार

नाखवा, मासळीबद्दल आपण लिहिलेत ते शास्त्राला धरून आहे. झुंजीत ग्लायकोजेन खर्ची पडते, म्हणून ताठरता लवकर येते. माणसाच्या बाबतीत पळापळ, झटापट, आकडी, तीव्र ताप यांनंतर तेच होते. आपले शेवटचे वाक्य मी विद्यार्थ्यांना सांगणार आहे. ताठरतेवरून मृत्यूची वेळ काढणारे बहुतेक जण ही दुसरी बाजू विसरतात.

सानपाडा

मी या विषयातली नाही, पण एक विचारल्यावाचून राहवत नाही. मागच्या वर्षी माझे वडील पहाटे झोपेतच गेले. आम्हाला सकाळी सातला कळले. त्यांच्या दोन्ही मुठी अर्धवट मिटलेल्या होत्या आणि चेहरा ओढल्यासारखा दिसत होता. आत्याने मुठी उघडून हात छातीवर जोडले, तोंडात तुळशीपत्र ठेवले. नंतर कोणीतरी म्हणाले की शेवटी फार वेदना झाल्या असणार, म्हणून मुठी वळल्या. डॉक्टरांनी मृत्यू नैसर्गिक म्हणून दाखला दिला. तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. यात काही तथ्य आहे का?

शवविच्छेदक

ताई, नाही. अर्धवट मिटलेली बोटे ही विश्रांतीतल्या हाताची स्थिती आहे. आत्ता आपला हात मांडीवर सैल सोडून पाहा, बोटे तशीच वळतील. आपल्याला सातला कळले तोवर ताठरता सुरू झालेली होती आणि तिने हात त्याच स्थितीत धरून ठेवला. चेहऱ्याचेही तसेच आहे. आधी स्नायू सैल पडतात, गाल आणि जबडा आपल्या वजनाने उतरतात, मग त्याच स्थितीत कडक होतात. मृत चेहऱ्यावरून शेवटच्या क्षणीची भावना वाचता येत नाही. मी हजारो चेहरे पाहून हे लिहीत आहे. आपल्या आत्यांनी जे केले त्यात काहीही चुकले नाही. नैसर्गिक मृत्यूत हात सरळ करणे हे आपल्या घरोघर होते.

संशयास्पद मृत्यूत मात्र तेच करू नये, कारण पूर्ण आलेली ताठरता जोराने मोडली की ती पुन्हा येत नाही. शवागारात गाडीवरून उतरवताना, कपडे काढताना कर्मचारी हात सरळ करतात. माझ्यासमोर येईपर्यंत तो हात तीन-चार जणांच्या हातांतून गेलेला असतो. कोर्टनाका साहेब, आपल्या खटल्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी "बोटे उघडलेली होती" हे कबूल केले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्यांनी आधी "असू शकतो" म्हणायला नको होते, एवढेच.

कोर्टनाका

ताई, मॅडमनी दिलेल्या उत्तराने आपल्या मनावरचे ओझे उतरावे. सर्वांचे मनापासून आभार. कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो.

१९८४ च्या शरद बिर्धीचंद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्यासाठी पाच कसोट्या सांगितल्या, त्यांना आम्ही पंचशील म्हणतो. पहिलीच कसोटी अशी की ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा ती परिस्थिती स्वतः पूर्णपणे सिद्ध झालेली हवी. "असू शकते" आणि "असलीच पाहिजे" यांतला फरक न्यायालयाने तिथे मुद्दाम अधोरेखित केला. मुठीत बटण सापडणे ही एक परिस्थिती. ते मरणाच्या क्षणी धरलेले होते ही दुसरी, आणि तिला स्वतंत्र पुरावा हवा. माझ्या प्रकरणात पहिली सिद्ध झाली आणि दुसरी तिच्या पाठीवर बसून आत आली.

तज्ज्ञाचे मत आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली येते, पण मताला आधार लागतो आणि आधार म्हणजे कोणीतरी डोळ्यांनी पाहून लिहिलेली गोष्ट. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मरणोत्तर पंचनामा कलम १९४ मध्ये आहे. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण कलम १०५ ने आवश्यक केले आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद कलम १७६ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू करण्यासाठी घातलेली आहे. मयताच्या मुठीतून वस्तू काढणे ही माझ्या मते जप्तीच आहे आणि तिचे चित्रण झालेच पाहिजे. मोबाइलवरचे दोन मिनिटांचे चित्रण असते तर "घट्ट" या शब्दावर आम्ही चार तारखा घालवल्या नसत्या. बोटे कशी सुटली हे न्यायाधीशांनी स्वतः पाहिले असते.

फौजदार साहेब, आपण आज तो पंचनामा पुन्हा लिहायचा म्हटले तर कसा लिहाल?

जुना फौजदार

दोन दिवस विचार करून लिहिले आहे. मॅडमनी चूक असेल ती दाखवावी.

"सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी मयताचा जबडा, मान, दोन्ही खांदे, दोन्ही कोपरे, दोन्ही गुडघे क्रमाने हलवून पाहिले. जबडा व मान हलत नाहीत, कोपरे व गुडघे जोर लावल्यास थोडे हलतात. डाव्या हाताची बोटे किंचित वळलेली असून ती बोटाच्या दाबाने सरळ होतात. उजव्या हाताची बोटे तळहाताला टेकलेली असून ती तितक्याच दाबाने सरळ होत नाहीत. अंगठा बोटांच्या वर आहे. मुठीतून दोऱ्याचे टोक बाहेर दिसते. मूठ उघडण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घेतली व चित्रण सुरू ठेवले. मूठ उघडली असता मधले बोट व तळहात यांच्यामध्ये पांढरे बटण मिळाले, तळहातावर बटणाच्या कडेचा गोल ठसा दिसतो. बटण दोऱ्यासह कागदी पाकिटात सीलबंद केले. दोन्ही हातांना कागदी पिशव्या बांधल्या. खोलीतील पंखा चालू होता, खिडकी बंद होती."

"घट्ट" हा शब्द कुठेही वापरलेला नाही.

शवविच्छेदक

डाव्या हाताशी केलेली तुलना सर्वांत मोलाची आहे. ती असली की दहा तासांनंतरही मला काहीतरी म्हणता येईल, कारण एकाच देहावरचे दोन हात एकाच हवेत होते. दोन्ही हातांची ताठरता सारखी असेल तर मी तत्काळ ताठरतेचे नावही काढणार नाही. पंख्याची नोंदही उत्तम. पिशव्या प्लास्टिकच्या नकोत हे आपण ध्यानात ठेवले, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि बोटांवरचे सूक्ष्म पुरावे खराब होतात.

कोर्टनाका

फौजदार साहेब, एकच राहिले. "मूठ उघडली असता" असे आपण लिहिले आहे. कोणी उघडली?

जुना फौजदार

बरोबर. ते वाक्य असे वाचावे: "पंच क्रमांक १ व २ यांच्यासमक्ष मी स्वतः, हातमोजे घालून, करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट सोडवले. तर्जनी सोडवताना दोन्ही हात वापरावे लागले."